नको, नगं, नक्को

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. आम्ही परभणीकर ती छाती फुगवून सांगतो. तिला जोडून दुसरी एक म्हण आहे, ती जरा हळू आवाजात सांगतो: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली मराठीत, दुसरी दखनी थाटाच्या हिंदीत. आणि आमच्याकडे दोन्ही म्हणी सगळ्यांच्या तोंडी असतात. कुणाची मातृभाषा कुठली, हा प्रश्न तिथं आड येत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आजचा विषय मात्र म्हणींचा नाही. विषय आहे दोन अक्षरांचा एक शब्द, जो आपण दिवसातून पन्नासदा वापरतो नि ज्याच्याकडे एकदाही वळून बघत नाही. नको.

या शब्दाची आठवण यायचं कारण म्हणजे हापिसातली भाषा. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत मराठवाड्याची पोरं आता ढिगानं आहेत. पहिले सहा महिने ती बिचारी तोंड सांभाळून बोलतात. 'मी करायलो' असं कुणी चुकून म्हणालं, की शेजारच्या क्युबिकलमधून खसखस पिकते. 'नगं' म्हटलं की संपलंच. पुढचे दोन महिने तेच टोपणनाव. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे कबूल. पण त्यांच्या डोक्यात एक गृहीतक पक्कं बसलेलं असतं. त्यांची मराठी मूळची, शुद्ध. आणि आमची ती घसरलेली, निजामानं नि शेजारच्या तेलुगू-कानडीनं बिघडवलेली.

माझं म्हणणं असं, की हे गृहीतक तपासायला 'नको'इतका चांगला शब्द नाही. कारण 'नको' तर सदाशिव पेठेतही म्हणतात. :)

आधी व्याकरण बघू. (कंटाळा येईल असं वाटत असेल तर दोन परिच्छेद गाळा, पण मग गंमतही गळेल.)

'नको' दोन वेगवेगळी कामं करतो. पहिलं काम इच्छा नाकारण्याचं: 'मला चहा नको'. इथं ज्याला नको तो 'मला, तुला, आजीला' अशा रूपात येतो. वाक्याचा कर्ता म्हणायचा तर तो चहा. म्हणून वस्तू अनेक झाल्या की शब्द बदलतो: 'मला लाडू नकोत'. नकार देणारे शंभर जण असले तरी त्यानं फरक पडत नाही: 'आम्हाला लाडू नकोत', आणि एकच लाडू असेल तर 'आम्हाला लाडू नको'. लिंगानं तर काहीच बदलत नाही. याचा जोडीदार 'हवा' मात्र हवा-हवी-हवं असा सगळीकडे वाकतो. 'नको' ताठ उभा.

दुसरं काम मनाई करण्याचं: 'जाऊ नको', 'जाऊ नकोस', 'जाऊ नका'. इथं तो अचानक समोरच्या माणसाशी जुळवून घेतो. एक जण असेल तर नको, अनेक असतील किंवा मान द्यायचा असेल तर नका. आणि तो फक्त समोरच्याशीच बोलतो. तिसऱ्या माणसाला मनाई करायची तर 'त्यानं जाऊ नये' म्हणावं लागतं, तिथं 'नको' चालत नाही. 'मी'बरोबर तो येतो तो फक्त विचारण्यापुरता: 'येऊ की नको?' म्हणजे मनाई करायची की नाही ते तूच ठरव.

आणि मग भूतकाळ. मनाई भूतकाळात करता येत नाही, कारण जे झालं ते झालं. म्हणून तिथं 'नको' पश्चात्तापाला लागतो: 'तू तिथं जायला नको होतंस.' रिलीजनंतरच्या सोमवारी प्रत्येक टीममध्ये हे वाक्य एकदा तरी उच्चारलं जातंच.

याशिवाय फुटकळ उद्योग आहेत. 'नको तितका पाऊस', 'नको त्या वेळी फोन', 'नको ते बोलणं'. पुण्या-मुंबईत 'आहे' चिकटून झालेलं 'नकोय'. आणि '-सा' प्रत्यय लागून झालेलं विशेषण: नकोसा, नकोशी, नकोसं. या शेवटच्याकडे परत यायचं आहे.

मराठीत 'न'पासून निघालेलं हे एक अख्खं कुटुंब आहे. 'आहे'चा नकार नाही, 'होय'चा नकार नव्हे, 'येणे'मधल्या 'ये'ला न लागून झालेलं नये, आणि हा नको. इंग्रजीत जिथं एका 'नॉट'वर भागवतात तिथं आपण आधी ठरवतो की नाकारायचं काय आहे. अस्तित्व? ओळख? औचित्य? की इच्छा? जगात असे प्रकार इतरत्रही आहेत. आयरिश भाषेचं उदाहरण मला फार आवडतं. त्या भाषेत 'होय' आणि 'नाही' यांसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत. 'आलास का?' विचारलं तर 'आलो' किंवा 'नाही आलो' असं क्रियापदच परत म्हणायचं. (आपणही 'जेवलास?' 'जेवलो' असंच करतो की.) आणि तिथंही साध्या विधानातला नकार 'नी' वेगळा, मनाईचा 'नॉ' वेगळा. आयर्लंड कुठं, गंगाखेड कुठं! पण हे 'न' एकाच घराण्यातले आहेत. संस्कृतचा 'न', फारसीचा 'न', इंग्रजीचा 'नो', आयरिशचा 'नी', सगळे इंडो-युरोपीय भावकीतले.

तर 'नको'मधला 'न' आपला, घरचा, जुना. पुढच्या 'को'वर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. ते सोडू. कारण माझ्या मते खरी गोष्ट शब्दाच्या कच्च्या मालात नाहीच, ती त्याच्या वागण्यात आहे.

वागणं बघा. 'मला नको' आणि 'जाऊ नको', म्हणजे अनिच्छा आणि मनाई, या दोन्हींसाठी एकच शब्द. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही विशेष आहे असं वाटत नाही. आता हिंदीत सांगा. 'मुझे नहीं चाहिए' आणि 'मत जाओ'. दोन वेगळे शब्द, एकमेकांशी ओळखही नाही. संस्कृतातही मनाईसाठी 'मा' होता, 'न' नव्हे; हिंदीचा 'मत' त्याच 'मा'च्या वंशातला. म्हणजे घराण्याचा रिवाज बघितला तर मनाईचा शब्द 'म'नं सुरू व्हायला हवा होता, आणि अनिच्छेचा त्याच्याशी संबंध असायचं कारण नव्हतं. मराठीनं हा रिवाज सोडला. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत मनाईसाठी 'झणी', 'झणें' असे शब्द दिसतात, तेही पुढे मागे पडले. तुकारामांच्या गाथेपर्यंत आलं तर 'नको' ठायी ठायी भेटतो.

आता तोंड दक्षिणेकडे फिरवा. कानडीत 'मला नको' म्हणजे 'ननगे बेड'. 'जाऊ नको' म्हणजे 'होगबेड'. तोच शब्द! आणि मान देऊन 'जाऊ नका' म्हणायचं तर 'होगबेडि'. नको-नका, बेड-बेडि. तेलुगूत 'नाकु वद्दु' म्हणजे मला नको, आणि जाऊ नको म्हणायला तोच 'वद्दु' क्रियापदाला चिकटतो: 'वेळ्ळोद्दु'. तमिळमध्ये 'वेण्डाम' ही दोन्ही कामं करतो.

प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस द्राविडी आहे आणि इम्प्लिमेंटेशन आर्य. शब्द उत्तरेच्या घरचा, त्याचे नियम दक्षिणेच्या शेजाऱ्यांसारखे. हे निव्वळ योगायोगानं झालं असं मानायला माझं मन तयार नाही. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत शतकानुशतकं लोक घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलत आले. अशा माणसाला प्रत्येक वाक्यासाठी डोक्यात दोन वेगळे साचे ठेवण्यापेक्षा एकच साचा ठेवून शब्द बदलणं सोपं जातं.

याचा अभ्यासही झालेला आहे, आणि तो महाराष्ट्रातच. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींवर १९७१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. तिथं कानडी, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होती. त्यांना आढळलं की या तिन्ही भाषांची तिथली वाक्यरचना जवळपास एकच झाली आहे. शब्द तेवढे वेगळे. एका भाषेतलं वाक्य घ्यावं, एकास एक शब्द बदलावेत, की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. भाषाशास्त्राच्या जगात 'कुपवाड' हे नाव आजही उदाहरण म्हणून घेतलं जातं. आपल्याला मात्र कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते.

आता परत परभणीला येऊ. 

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी जनता आणि कारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचंच. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक मोडी नि उर्दू दोन्ही वाचायचे. पण कचेरीतली ती उर्दू वेगळी, आणि रस्त्यावरची दखनी वेगळी. दखनी ही उत्तरेच्या उर्दूची गावंढळ बहीण नव्हे. तिला स्वतःचं जुनं साहित्य आहे. गोलकोंड्याच्या दरबारातल्या वजहीनं 'सबरस' हा गद्यग्रंथ दखनीत लिहिला तो १६३५ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज अगदी लहान असताना.

या दखनीनं मराठीकडून काय उचललं? दोन गोष्टी तर अशा उचलल्या की त्यांच्यावरूनच दखनी माणूस देशभर ओळखला जातो. एक आपला जोर देणारा 'च': 'मैंच', 'ऐसाइच'. आणि दुसरी 'नक्को'. 'मेरेकू नक्को', म्हणजे मला नको. 'नक्को जाओ', म्हणजे जाऊ नको. दोन्ही कामांसकट उचलला! लखनौचा माणूस 'मत' म्हणतो तिथं हैदराबादचा 'नक्को' म्हणतो, आणि त्याचा जोडीदार 'होना': 'तुमकू क्या होना?' 'कुछ नक्को.' हैदराबादी विनोदी सिनेमांनी आणि स्टँडअपवाल्यांनी 'नक्को'ला एवढं प्रसिद्ध केलं की कित्येकांना वाटतं तो हैदराबादचाच शब्द. अहो, तो आमच्याकडून गेलाय! कोकणीत जा, तिथं 'म्हाका नाका' आहेच.

परभणीत ही सगळी रूपं एकाच चौकात ऐकू येतात. खेड्यातून बाजाराला आलेली म्हातारी 'नगं माय, लई महाग सांगायलास' म्हणते, दुकानदार गिऱ्हाइकाला 'नक्को तो छोड दो' म्हणतो, आणि वसमत रोडच्या क्लासला निघालेली पोरगी फोनवर 'मला नकोय तो बॅच' म्हणते. दर फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. त्या गर्दीत तासभर उभं राहिलं तर कुणाच्या तोंडी नको, कुणाच्या नगं आणि कुणाच्या नक्को, याचा धर्मावरून अंदाज बांधायला जाऊ नका, हमखास चुकाल.

आणि आता मला सांगा, यातली शुद्ध मराठी कोणती?

'नगं' म्हणजे काही आळशी जिभेनं केलेला घोटाळा नाही. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या 'क'चा 'ग' होणं ही जुनी, नियमित गोष्ट आहे. संस्कृतातल्या 'काक'चा 'काग' आणि 'शाक'चा 'साग' याच वाटेनं झाला. 'नगं'ला 'नगा' असं अनेकवचनही आहे: 'जाऊ नगा'. म्हणजे सगळे नियम शाबूत. 'मी करायलो' याचंही तेच. करायलो, करायलास, करायली, करायलेत, सगळी रूपं चोख. लातूर-नांदेडकडे 'करूलालो' म्हणतात, त्यात तर 'करू लागलो' अगदी उघड दिसतं. प्रमाण मराठीत 'करतो' म्हणजे रोज करतो की आत्ता, हे संदर्भावरून ओळखावं लागतं, किंवा मग 'करतोय' म्हणावं लागतं. या 'करतोय'मध्ये 'करतो आहे' आखडून बसलंय. 'करूलालो'मध्ये 'करू लागलो' आखडून बसलंय. एकाला शहरी म्हणायचं नि दुसऱ्याला गावठी, यामागं व्याकरणाचा काही नियम असेल तर मला दाखवा. नियम एवढाच की पाठ्यपुस्तक छापणारे लोक पुण्या-मुंबईत होते.

हे काही मी नव्यानं शोधून काढलेलं नाही. ग्रियर्सननं १९०५ मध्ये भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठी आणि तिच्या बोलींना दिला होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनंही गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरून बोलींची ध्वनिमुद्रणं केली आणि नेटवर ठेवली. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव तर आयुष्यभर याच मातीच्या भाषेत कविता करत आले, आणि त्या लोकांच्या तोंडी आहेत. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण अभिजातपणाचा अर्थ 'आमची भाषा कुणाची उष्टी नाही' असा घ्यायचा असेल, तर पहिली पंचाईत 'नको'चीच होईल. आपल्या सगळ्यांत मराठी अशा शब्दाची चालढाल आपण कानडी-तेलुगू शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, शेजाऱ्याशी बोलल्याची ती खूण आहे.

बरं, दुसरी बाजूही ऐकू. कुणी म्हणेल, एवढं बोलींचं कौतुक आहे तर मग शहरातली पोरं 'मला नाही पाहिजे' म्हणतात त्याला का नाक मुरडता? तेही शेजाऱ्याकडूनच आलंय, हिंदीतल्या 'नहीं चाहिए'वरून. मुद्दा बरोबर आहे, आणि मी नाक मुरडणार नाही. फक्त एक फरक दाखवतो. कुणी चहा पुढं केला आणि तुम्ही 'नको' म्हणालात, तर तुम्ही देणाऱ्याच्या आग्रहाला उत्तर दिलंत. 'नाही पाहिजे' म्हणालात, तर तुम्ही स्वतःच्या गरजेविषयी एक निवेदन केलंत. म्हणून 'नको' कानाला मऊ लागतो आणि 'नाही पाहिजे' जरा फटकळ. आमच्याकडे तर पाहुण्याचा पहिला 'नको' धरतच नाहीत, तिसऱ्याला खरा मानतात. शब्द गेला तर ही सगळी देवाणघेवाण जाईल, एवढीच माझी तक्रार.

(तिसऱ्या 'नको'पर्यंत आग्रह करायची ही पद्धत पुरणपोळीपुरतीच ठेवावी. इतर सर्व बाबतीत पहिला 'नको' अंतिम धरावा. हे सांगावं लागू नये, पण लागतं.)

आता त्या '-सा' प्रत्ययाकडे येतो. इतका वेळ हसत-खेळत चाललं होतं, इथं जरा थांबावं लागेल.

२२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात एक सरकारी कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं त्या दिवशी बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं नाव होतं नकोशी किंवा नकुसा. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ठेवलेलं नाव. दोन-तीन मुलींनंतरच्या मुलीला असं नाव दिलं की पुढचा मुलगा होतो, अशीही समजूत. मुलींनी नवी नावं स्वतः निवडली, प्रमाणपत्रं घेतली, फोटो निघाले. बातमी जगभर गेली. इंग्रजी बातम्यांत या शब्दाचा अर्थ देताना तो 'हिंदी' शब्द आहे असं छापून आलं. आपला शब्द जगात पोचला तो असा, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर.

पुढे २०१६ मध्ये स्टार प्रवाहवर 'नकुशी' नावाची मालिकाही आली, उपशीर्षक 'तरीही हवीहवीशी'. म्हणजे शब्द घराघरांत पोचला होता.

मला या नावाचं व्याकरण अस्वस्थ करतं. वर सांगितलं तसं, 'नको' कधी एकटा नसतो. मला नको, तुला नको, आजीला नको. कुणाला तरी नको असतं, आणि तो कुणीतरी वाक्यात हजर असतो. 'करू नको'मध्येही बोलणारा समोर उभा असतो. 'नकोशी' म्हटलं की तो 'कुणाला' गळून पडतो. फंक्शन तेच, पण पॅरामीटर काढून टाकलेला. नकार देणारा वाक्यातून पळून गेला, आणि त्याचा नकार मुलीचा गुण होऊन तिला चिकटला. जणू गोरी, उंच, हुशार असावं तशी ती नकोशी आहे. कुणाला नकोशी? बापाला? आजीला? गावाला? नावात त्याचं उत्तर नाही, आणि सोय तीच आहे.

नाव बदललं ते चांगलंच झालं. पण पळून गेलेला तो 'कुणाला' तेवढ्यानं परत येत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. म्हणजे 'नकोशी' हे नाव ठेवायची वेळसुद्धा जिच्यावर आली नाही अशा मुलींची गिनती वेगळीच. साताऱ्याच्या त्या २८५ जणी निदान जन्माला तरी आल्या. आकडे काढणारी सोनोग्राफी यंत्रं चालवणारे डॉक्टर शिकलेले होते, प्रमाण मराठी बोलणारे होते. त्यांच्यापैकी कुणी 'नगं' म्हणत नसेल.

म्हणून मला वाटतं, शब्दाला दोष देण्यात अर्थ नाही. 'नको' हा शब्द वाईट असता तर मराठीत स्वतःचं मन सांगायचं उत्तम साधन आपण गमावलं असतं. याच शब्दानं एखादी मुलगी 'मला हे लग्न नको' म्हणते, 'मला हात लावू नको' म्हणते. परभणी-जिंतूर-पाथरीकडच्या शाळकरी मुलीला पूर्ण वाक्यात, 'मला'सकट, हा शब्द उच्चारता यावा आणि ऐकणाऱ्यानं तो पहिल्यांदाच ऐकावा, हे नाव बदलण्याच्या कार्यक्रमापेक्षा अवघड काम आहे. पण करायचं तेच आहे. ज्यांच्या ओळखीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न 'ठरायलंय', त्यांनी तिचा 'नको' कुणी विचारला का, एवढं तरी विचारावं. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी आपण आहेर घेऊन जातो.

आणि हापिसातल्या मंडळींना एवढीच विनंती. पुढच्या वेळी गंगाखेडचा नवा पोरगा मीटिंगमध्ये 'मी करायलो' म्हणाला, तर हसायच्या आधी आठवा की त्याचं गाव जनाबाईचं आहे. ती साताठशे वर्षांपूर्वी जात्यावर बसून जी मराठी बोलली, तिच्यावर आज आपण अभिजात म्हणून टाळ्या घेतो. तेव्हा कुणी तिला शुद्ध बोल म्हणून टोकलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं. त्या पोराला जरा मोकळं बोलू द्या. काम तो व्यवस्थित करायलाय.

असो. लांबलं जरा. शनिवार आहे, तुम्हालाही कामं असतील. बाकी परभणीकडं कधी आलात तर चहाला 'नको' म्हणू नका. पहिल्या दोन 'नको'ला तसंही कुणी विचारत नाही.